जेट मशीनच्या पॅनलवरचा राखाडी चौकोन

या ग्रुपवर मी चार वर्षं आहे आणि आजवर फक्त कमेंटमध्ये येऊन लोकांची खोडी काढली आहे. ज्यांना ज्यांना मी "दादा, आधी वायरिंग तपासा" असं लिहिलं, त्यांची आधी माफी मागतो. वायरिंग तपासायला मी आजही सांगेन... पण हसणार नाही.

माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि नव्हता म्हणजे घरातूनच नव्हता. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्याकडे अंगारे-धुपारे, दृष्ट, बाहेरचं, सगळं बंद. लहानपणी मी अंधाराला घाबरलो तर वडील हाताला धरून त्या कोपऱ्यात नेऊन दाखवायचे, की बघ, इथे पोतं आहे. पुढे मी प्रोग्रॅमर झालो. या धंद्यात तर सगळीच भुतं शेवटी आपण स्वतःच लिहिलेली निघतात.

माझं नाव प्रवीण बागुल. मूळचे आम्ही धुळे जिल्ह्यातले, आता सुरतला डिंडोलीत. मला सुरतला आणलं ते सुकदेव मामाने, म्हणजे आईच्या सख्ख्या भावाने. डिप्लोमाची तीन वर्षं मी त्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत काढली. मी अभ्यास करायचो तेव्हा मामा, मामी आणि त्यांच्या दोन मुली दिवा माझ्याकडे वळवून भिंतीकडे तोंड करून झोपायचे. हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं मी का लिहितोय ते कळेल.

मामा इच्छापोरकडच्या एका मिलमध्ये जेट ऑपरेटर होता. जेट म्हणजे कापड रंगवायचं मशीन. घरातला कुकर खोलीएवढा मोठा करून आडवा पाडला तर जे दिसेल ते. आत साडीचं कापड रंगाच्या पाण्यात एकशेतीस डिग्रीवर गरगर फिरत असतं, आणि सगळं बंद, दाबाखाली. रंग बसला की थंड करायचं, वाफ सोडायची आणि मग झाकण उघडून कापड बाहेर ओढायचं. या सगळ्यावर हुकूम चालतो तो मशीनच्या बाजूला लावलेल्या टच पॅनलचा. ही पॅनलं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी नोकरीला होतो. ऑफिस कतारगामला, तिसऱ्या मजल्यावर, खाली हिऱ्यांचा कारखाना. आम्ही पाच प्रोग्रॅमर आणि मालक जयेशभाई.

आमचं सगळं काम सी भाषेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सीमध्ये प्रत्येक कामाला, म्हणजे फंक्शनला, एक नाव द्यावं लागतं, आणि आख्ख्या प्रोग्रॅममध्ये त्या नावाचं दुसरं कोणी असून चालत नाही. गावात दोन प्रवीण असले की आपण बापाचं नाव जोडतो, तसं इथे नावाच्या आधी काहीतरी जोडायचं. आमच्या ऑफिसचा नियम होता की ज्याचं फंक्शन, त्याच्या नावाची आद्याक्षरं पुढे. पडद्यावरची बटणं, खिडक्या, रंग, सगळ्या फंक्शनांवर कोणाची ना कोणाची अक्षरं. कोड वाचताना कोण बोलतंय ते लगेच कळायचं.

हा नियम घालून दिला होता बोरसे सरांनी. प्रकाश बोरसे. पीबी.

सर आमच्यातले सगळ्यात जुने. वयाच्या विशीत ते स्वतः डाईंगला हेल्पर होते, तिथून शिकत शिकत कॉम्प्युटरपर्यंत आलेले. सुरतच्या मे महिन्यातही फुल बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. एकदा हात धुताना डावी बाही वर गेली तेव्हा मी पाहिलं... कोपरापर्यंतची कातडी जुन्या मेणकापडासारखी गोळा झालेली. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं आणि बाही खाली ओढून म्हणाले, "झाकन उघाडाले घाई कयी व्हती." झाकण उघडायला घाई केली होती, बस. ऑफिसात आम्ही दोघंच खान्देशी, त्यामुळे माझ्याशी ते अहिराणीतच बोलायचे. कोडमध्ये कमेंट लिहायचा त्यांना कंटाळा. "ज्याले वाचनं शे तो कोड वाची." ज्याला वाचायचं आहे तो कोडच वाचेल.

एका दुपारी जेवण झाल्यावर ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. डबा पुसून, झाकण लावून बाजूला ठेवलेला होता. आम्हाला वाटलं डुलकी लागली असेल, म्हणून अर्धा तास कोणी हाक मारली नाही.

महिन्याभराने जयेशभाईंनी मला सरांची खुर्ची, सरांचं मशीन आणि सरांचं काम दिलं. जुन्या पॅनलचे पडदे राखाडी, चौकोनी, दगडासारखे दिसायचे. गिऱ्हाइकांना मोबाइलसारखं चकाचक हवं होतं, आणि ते मी करायचं होतं. मी विचारलं, माझी आद्याक्षरं पण पीबीच होतात, तर काय लावू? जयेशभाई म्हणाले, "पीबी एटले पीबी. चालशे." मला पण बरंच वाटलं. खरं सांगायचं तर मनातून मस्ती आली होती, की आता ऑफिसचा पीबी मी.

इथे चूक झाली. माझ्या आधी कोणी ती केली नव्हती, कारण माझ्या आधी कोणी मेलेल्या माणसाची अक्षरं घेतली नव्हती.

तीन महिन्यांत मी नवा पडदा तयार केला. गोल कोपरे, हिरवी-निळी बटणं, गुजराती आणि इंग्लिश मजकूर. पहिलं पॅनल बसवायला जयेशभाई मिल शोधत होते. मामाने आपल्या सुपरवायझरला जाऊन सांगितलं, "साहेब, मेरे भांजे का बनाया हुआ है, लगा लो." पॅनल मामाच्याच मशीनवर लागलं. त्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून ड्युटीवर गेला होता. मशीनवर चार तासांत त्या शर्टाची काय दशा झाली असेल ते सोडा.

पाचव्या दिवशी दुपारी मामाचा फोन आला.

"पवन्या, तुनं पॅनल माले थांबाडस रे."

घरात मला पवन्या म्हणतात. मी विचारलं, थांबवतं म्हणजे काय?

"झाकन उघाडाना बटन दाबं, तर ते म्हणस... थांब भाऊ, मझार वाफ शे."

मी हसलोच. मझार म्हणजे आत. थांब भाऊ, आत वाफ आहे. पॅनलवर मी एक अक्षर मराठीत ठेवलेलं नव्हतं, अहिराणी तर लांबच राहिली. मला वाटलं मामा माझी थट्टा करतोय. पण मामा म्हणाला की सात-आठ मिनिटं झाकण उघडलंच नाही, कापड गरम पाण्यात पडून राहिलं, त्याला घड्या पडल्या आणि सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलला. "तुना भांजा, तुना भांजा" करून बोलला. तेवढं सांगताना त्याचा आवाज उतरला.

मी बाइक काढली आणि इच्छापोरला गेलो. त्या दिवशी काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी परत गेलो, तेव्हाही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास मी मामाच्या शेजारी उभा होतो. प्रोग्रॅम संपला, बटण हिरवं झालं आणि मामाने बोट टेकवलं.

पडद्याच्या मधोमध एक राखाडी चौकोन आला.

माझे सगळे चौकोन गोल कोपऱ्यांचे होते. हा टोकदार कोपऱ्यांचा, जाड काळी कडा असलेला, जुन्या पॅनलवरचा. आत ठसठशीत देवनागरी अक्षरांत तेच वाक्य. थांब भाऊ. मझार वाफ शे. खाली ओके नाही, बंद करायची फुली नाही, काही नाही.

मी जागीच अडकलो ते त्या वाक्यामुळे नव्हे, अक्षरांमुळे. त्या पॅनलच्या बोर्डवर मी देवनागरी फॉन्ट टाकलेलाच नव्हता. जागा वाचवायला फक्त गुजराती आणि इंग्लिश टाकले होते. देवनागरी मजकूर आलाच असता, तर तिथे रिकामे डबे दिसायला हवे होते. मी मोबाइल काढून फोटो घेतला. पडद्याचा फोटो काढला की कधीकधी आडवे पट्टे येतात ना, तसे नुसते पट्टे आले. पुन्हा काढला, पुन्हा पट्टे.

मामा मात्र निवांत उभा होता. कमरेवर हात ठेवून पॅनलला म्हणाला, "हा भाऊ, थांबनू." आणि मग मला, "कोन शे रे तो? आपलाच मानूस वाटस."

तेवढ्यात त्याने मशीनच्या डोक्यावरच्या गोल मीटरकडे बोट केलं. "आनि देख, खरंच वाफ शे."

मी पाहिलं. काटा शून्यावर नव्हता. थोडा वर होता.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणून इथे नीट लिहितो. मी काटा पाहिला. मामाने दाखवला आणि मी पाहिला. आणि मी म्हणालो, "जुना मीटर आहे मामा, काटा अडकत असेल." सुपरवायझर मागेच उभा होता, तोही म्हणाला, हां, मीटर पुराना है. सहा मिनिटांनी चौकोन आपोआप गेला, झाकणाचं लॉक सुटलं आणि मामाने कापड काढलं. तेव्हा काटा शून्यावर आलेला होता की नाही, ते मी पाहिलं नाही. मी फॉन्टचा विचार करत होतो.

ऑफिसात येऊन मी कामाला लागलो. आधी सगळ्या कोडमध्ये ते वाक्य शोधलं, कुठेच नव्हतं. मग तयार प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये बाइट बाइट शोधलं, तिथेही नव्हतं. मग विचार केला की निदान तो चौकोन कोण काढतंय ते बघू, आणि झाकणाच्या बटणामागचं फंक्शन उघडलं. pb_lid_ready. झाकण उघडायला हरकत नाही ना, एवढं सांगणारं. ते मी लिहिलं होतं... आणि सरांनीही लिहिलं होतं. त्याच नावाने.

एका नावाची दोन फंक्शनं असली की खरं तर जोडणी करणारा प्रोग्रॅम ओरडतो आणि काम थांबवतो. पण सरांचा कोड लायब्ररीत होता. लायब्ररी म्हणजे आधी तयार करून झाकण लावून ठेवलेला डबा. एखादं नाव बाहेर सापडलं नाही तरच त्यासाठी हा डबा उघडला जातो. माझं फंक्शन बाहेर ताटातच होतं, त्यामुळे सरांच्या फंक्शनसाठी डबा उघडलाच गेला नव्हता. ना एरर, ना वॉर्निंग. तीन महिने माझं फंक्शन सरांच्या जागेवर बसून होतं आणि कोणाला पत्ता नव्हता.

मी सरांचं फंक्शन वाचलं. चाळीसेक ओळी. आतला दाब वाचायचा, तापमान वाचायचं, मग थांबायचं, पुन्हा वाचायचं, अशी तीन वेळा लागोपाठ खात्री झाली तरच हो म्हणायचं. माझं फंक्शन चार ओळींचं. प्रोग्रॅमची शेवटची पायरी संपली का? संपली, तर हो.

तुम्ही म्हणाल, इथे तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. बरोबर आहे. पण मी तेव्हा बग शोधत होतो, आणि बग शोधणाऱ्याला बगच दिसतो. माझ्या डोक्यात एवढंच होतं की मामाची इज्जत चालली आहे, सुपरवायझर म्हणाला आहे की आणखी एकदा झालं तर जुनं पॅनल परत लावू, आणि हा राखाडी चौकोन ज्या अर्थी सरांच्या काळातला दिसतो त्या अर्थी नावांच्या या गोंधळातूनच काहीतरी जुनं वर येत आहे. दाबाचं म्हणाल तर, मशीनला लोखंडी सेफ्टी पिन असते. आत दाब असेल तर ती पिन झाकणाची मूठ फिरूच देत नाही. ती असताना सॉफ्टवेअरने चाळीस ओळी खर्चून पुन्हा कशाला तपासायचं? सर जुन्या वळणाचे, असं म्हणून मी मोकळा झालो.

मी सरांची ती फाइल लायब्ररीतून काढून टाकली. मग माझ्या सगळ्या फंक्शनांची नावं बदलली, पीबीच्या जागी माझं आख्खं नाव. सगळं पुसून नव्याने जोडलं. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये जाऊन टाकलं.

चौकोन गेला. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. सुपरवायझरने मला चहा पाजला. जयेशभाई खूश. नावांचा झगडा मिटला म्हणून मी ऑफिसात सगळ्यांना पंधरा मिनिटं समजावून सांगितलं, आणि ते सांगताना मला किती आनंद होत होता ते आठवलं की आता लाज वाटते. फक्त मामा रविवारी जेवताना म्हणाला, "तो भाऊ बोलत नही आते."

"बग होता मामा, काढला."

"बरं," मामा म्हणाला. हात धुवायला उठताना म्हणाला, "चांगला व्हता पन."

अकराव्या दिवशी सकाळी साडेदहाला मामीचा फोन आला. ती काय बोलत होती ते मला कळत नव्हतं. मग तिच्या हातातून मोठ्या मुलीने फोन घेतला आणि हॉस्पिटलचं नाव सांगितलं.

वाफ सोडायच्या व्हॉल्व्हमध्ये कापडाचा कचरा अडकला होता. त्या मशीनवर तो दर दोन-तीन दिवसांनी अडकायचा, हे नंतर कळलं. मधले दहा दिवस अडकला नाही, एवढंच. पायऱ्या संपल्या, बटण हिरवं झालं, मामाने दाबलं, लॉक सुटलं. मामाने मूठ फिरवली. सेफ्टी पिन होती, पण ती वर्षभरापूर्वीच कोणीतरी तारेने वर बांधून ठेवली होती, कारण ती असली की मूठ जड जाते आणि वेळ जातो. मिलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. झाकण उडालं आणि आतलं रंगाचं उकळतं पाणी मामाच्या अंगावर आलं. चेहरा, छाती, दोन्ही हात.

चौथ्या दिवशी मला आत सोडलं. पट्ट्यांमधून फक्त तोंड दिसत होतं. मी मामा म्हणून हाक मारल्यावर त्याने विचारलं, "तू जेवना का?" मी हो म्हणालो. मग मामा म्हणाला, "आज तो बोलनाच नही रे." चार दिवस झाले होते, पण मामासाठी अजून तोच दिवस चालू होता.

मी ते पॅनल उतरवून ऑफिसात आणलं आणि त्यातली नोंदवही वाचली. म्हणजे लॉग, पॅनल दर मिनिटाला काय झालं ते लिहून ठेवतं तो. अपघाताच्या दिवशीची नोंद सरळ आहे. बटण दाबलं, दाब शिल्लक होता, लॉक सोडायचा हुकूम गेला. माझं चार ओळींचं फंक्शन दाब बघतच नाही, त्यामुळे हुकूम जाणारच.

मग मी आधीच्या दिवसांच्या नोंदी पाहिल्या, ज्या दिवशी राखाडी चौकोन यायचा त्या. चौकोनाची नोंद कुठेच नाही. पण तिथे असं आहे की बटण दाबलं, दाब शिल्लक होता... आणि हुकूम गेला नाही. दाब उतरला, त्यानंतर तीन वेळा खात्री व्हायला लागतो तेवढा वेळ गेला, मग हुकूम गेला. प्रत्येक वेळी असंच.

तेव्हाही माझंच फंक्शन चालू होतं. मी शपथेवर सांगतो. जोडणीचा नकाशा माझ्याकडे आहे, त्यात स्पष्ट दिसतं की सरांचा कोड प्रोग्रॅममध्ये नव्हताच. शेवटचा उपाय म्हणून मी दोन्ही प्रोग्रॅम घेतले, चौकोन यायचा तो आणि मी दुरुस्त केलेला. दोन्हींतली नावं काढून टाकली आणि बाइटला बाइट लावून ताडून पाहिलं. एका बाइटचाही फरक नाही. म्हणजे मी जी दुरुस्ती केली, तिने मशीनमध्ये काहीच बदललं नव्हतं. जे काढलं ते तिथे नव्हतंच. आणि ते काढल्यावर ते गेलं.

तो जुना प्रोग्रॅम मी ऑफिसच्या टेबलावर त्याच पॅनलमध्ये परत टाकला, आणि दाब आहे असं खोटं दाखवून बटण दाबलं. हुकूम गेला. दिवसभर दाबत राहिलो. दर वेळी हुकूम गेला. संध्याकाळी जयेशभाई शेजारी येऊन बसले, म्हणाले, शुं करे छे भाई, आता काय शोधतोस? तोपर्यंत मी त्यांना फक्त "चुकीचा मेसेज येतो" एवढंच सांगितलेलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

जयेशभाईंनी चष्मा काढला. बराच वेळ पुसत बसले.

"आ तो प्रकाशभाईनुं," ते म्हणाले. अगदी पहिलं पॅनल केलं होतं, मी या कंपनीत यायच्या कितीतरी आधी, तेव्हा सरांनी झाकणाच्या मेसेजमध्ये हेच लिहिलं होतं. म्हणाले होते, जेटवर आमचीच माणसं असतात, त्यांना त्यांच्या बोलीत सांगितलं तर थांबतील. जयेशभाईंनी काढायला लावलं. गुजरात छे भाई, गुजराती लखो. सरांनी मुकाट्याने बदललं. तो कोड, तो कॉम्प्युटर, ते पॅनल, यातलं आता काहीही शिल्लक नाही.

मी त्यांना सांगितलं की फंक्शन मी काढलं. ते म्हणाले, पिन बांधलेली होती, अपघाताच्या रिपोर्टमध्ये तसंच आलंय, तारुं नाम क्यांय नथी. माझं नाव कुठेच नाही. त्यांना वाटलं मला बरं वाटेल.

सरांच्या बॅकअपमधून त्यांच्या चाळीस ओळी काढून मी परत टाकल्या. नाव त्यांचंच ठेवलं. तोवर माझी नवी पॅनलं आणखी ज्या ज्या मिलमध्ये लागली होती त्या प्रत्येक ठिकाणी स्वतः गेलो, एक एक बदललं, आणि प्रत्येक ठिकाणी आधी झाकणाखाली वाकून पिन पाहिली. दोन ठिकाणी तार होती, ती तोडली. मग नोकरी सोडली.

मामाला घरी आणून आता सात महिने झाले. उजवा डोळा गेला आहे. बोटं एकमेकांना चिकटून बरी झाली, त्यामुळे घास धरता येत नाही. मामी आता साड्यांवर खडे लावायचं काम घरी आणते, आणि दुपारी ती माल पोचवायला जाते तेव्हा मी मामाला भरवायला जातो. मामा खाताना जास्त बोलत नाही. पण मागच्या आठवड्यात वरणभाताचा घास मध्येच थांबवून त्याने विचारलं,

"तो भाऊ... पॅनलमझारला. त्याले काढी टाकं का रे त्यासनी?"

त्यांनी. मिलवाल्यांनी त्या माणसाला काढून टाकलं का, असं तो विचारत होता. सात महिने त्याच्या मनात एवढंच होतं, की कोणीतरी आपला माणूस तिथे होता आणि त्याला कामावरून कमी केलं.

मी ताट खाली ठेवलं. म्हणालो, "त्यांनी नाही मामा. मी काढलं."

मामाने माझ्याकडे पाहिलं. एका डोळ्याने पाहतो तेव्हा त्याला मान थोडी वळवावी लागते. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, आणि खरं सांगतो, बोलावं असं मला वाटत होतं. शिवी द्यावी, उठून जा म्हणावं.

"मंग बलावी ले ना त्याले परत," तो म्हणाला. मग परत बोलावून घे त्याला. "दुसरा कोनी व्हई तठे आते, मनी जागावर."

तिथे आता दुसरा कोणीतरी असेल, माझ्या जागेवर. मी हो म्हणालो आणि ताट उचललं.

कोणाला स्पष्टीकरण सुचलं तर नक्की लिहा. वायरिंग मी तपासलं आहे. बिनफॉन्टची अक्षरं कुठून आली आणि नसलेलं फंक्शन कोण चालवत होतं, ते मला माहीत नाही. मामाचे हात कसे गेले, ते मात्र मला ओळ न् ओळ माहीत आहे. ते उदाहरणादाखल कोणाला हवं असेल तर चार ओळींचा कोड आहे, पाठवतो.

सरांच्या चाळीस ओळी आता सगळीकडे चालू आहेत. दाब असला की पडद्यावर गुजरातीत मेसेज येतो, गोल कोपऱ्यांचा. तो राखाडी चौकोन मात्र पुन्हा कोणालाही दिसलेला नाही. मी अजून अधूनमधून मामाच्या मिलमध्ये जाऊन नव्या ऑपरेटरला विचारतो. तो उडिया आहे, त्याला माझा प्रश्नच कळत नाही.